मोबाइल राउटरच्या स्थिती-पानावरचे आकडे कसे वाचावेत?

बेसावासी · १२ मे, रात्री ९.५२

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये फायबरची तार अजून पोहोचलेली नाही, त्यामुळे घरचे सगळे काम सिम घालून चालणाऱ्या फोर-जी राउटरवर होते. सकाळी काही अडचण नसते. रात्री आठनंतर मात्र व्हिडिओ बैठकीत समोरच्याचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटक होतो. विशेष म्हणजे त्या वेळीही राउटरवरच्या पाचही काड्या पेटलेल्या असतात, आणि ग्राहक सेवा केंद्राकडून ‘सिग्नल पूर्ण आहे, राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच उत्तर मिळते.

राउटरच्या पानावर ‘स्टेटस’ आणि ‘डायग्नोस्टिक्स’ अशी दोन दालने आहेत. हे लिहिताना पहिल्या दालनात आरएसआरपी उणे ८४, आरएसआरक्यू उणे १४, एसआयएनआर ३ आणि बँड (म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा) ४० असे दिसते आहे. यांपैकी कोणत्या आकड्याकडे लक्ष द्यावे, आणि दोष राउटरचा, सिमचा, वाय-फायचा की टॉवरचा हे घरबसल्या कसे ठरवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शंकासुर · १२ मे, रात्री १०.०५

मुळात या पानावर जायचे कसे? माझ्या राउटरखालची चिठ्ठी पुसली गेली आहे आणि त्यावरचा पत्ता आता वाचता येत नाही.

धरमपेठी · १२ मे, रात्री १०.१४

@शंकासुर, बहुतेक राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.८.१ यांपैकी एक असतो. अंदाज करण्यापेक्षा फोन राउटरच्या वाय-फायला जोडून त्या जोडणीच्या तपशिलात ‘गेटवे’ या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. फोनचा मोबाइल डेटा तेवढा वेळ बंद ठेवावा, अन्यथा काही फोन वाय-फाय सोडून परस्पर डेटावर जातात आणि पान उघडत नाही. आत गेल्यावर कारखान्यातून आलेला पासवर्ड अद्याप तसाच असेल, तर तो आधी बदलावा.

तारायंत्र · १२ मे, रात्री ११.३०

बेसावासी ताई, आकडे दिल्याबद्दल आभार, कारण बहुतेक जण ‘नेट चालत नाही’ एवढेच लिहून थांबतात.

काड्यांपासून आरंभ करू. त्या प्रामुख्याने आरएसआरपीवरून काढल्या जातात, आणि किती डीबीएमला (सिग्नलच्या शक्तीचे एकक) किती काड्या दाखवायच्या हे उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतो, म्हणून दोन राउटरांच्या काड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या संदर्भ-संकेताची आपल्यापर्यंत पोहोचलेली शक्ती. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या पलीकडे कठीण. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते आणि १० डेसिबलला दहावा हिस्सा उरते, त्यामुळे उणे ९० आणि उणे १०० यांतला फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. तुमचा उणे ८४ हा आकडा निर्दोष आहे. सेवा केंद्र जे ‘सिग्नल पूर्ण आहे’ म्हणते ते याच आकड्यापुरते खरे आहे.

दुखणे एसआयएनआरमध्ये आहे. आपल्याला हवा असलेला संकेत हा शेजारच्या सेलचा (टॉवर ज्या भागांत सेवा वाटून देतो त्यांतला एक) अडथळा आणि गोंगाट यांच्या तुलनेत किती वर आहे, हे तो सांगतो. मंगल कार्यालयात शेजारी बसलेला पाहुणा कितीही मोठ्याने बोलला तरी बँड वाजू लागल्यावर त्याचे शब्द कळत नाहीत. आवाज पुरेसा असतो, पण वेगळा ऐकू येत नाही. एसआयएनआर २० च्या वर उत्तम, १३ ते २० चांगला, त्याखाली वेग पायरीपायरीने उतरतो आणि शून्याच्या खाली जोडणी टिकवणेच अवघड होते. तुमच्याकडे तो ३ आहे, म्हणजे टॉवर तुमच्याशी अत्यंत सावधपणे, प्रत्येक वेळी थोडीच माहिती भरून बोलत असणार.

आरएसआरक्यू या दोहोंच्या मधला आहे. त्यात संदर्भ-संकेताची शक्ती आणि त्या पट्ट्यातली एकूण शक्ती यांचे गुणोत्तर असते, आणि एकूण शक्तीत इतर ग्राहकांची वाहतूकही मोजली जाते. म्हणून रिकाम्या सेलवर तो उणे ३ ते ६ च्या आसपास असतो, तर आपल्याच सेलवर पूर्ण भार असेल तेव्हा शेजारचा काहीही अडथळा नसताना उणे ११ पर्यंत घसरतो. तुमचा उणे १४ आहे; म्हणजे भार आहेच, शिवाय बाहेरचा अडथळाही आहे.

आता कृपया पहाटे पाचच्या सुमारास हेच चार आकडे पुन्हा टिपावेत. आरएसआरपी जागच्या जागी राहून बाकीचे दोन सुधारले, तर राउटर आणि सिम दोघेही निर्दोष आहेत असे खुशाल समजावे.

मिहानकर · १३ मे, सकाळी ८.२०

तारायंत्र काका, माहिती उत्तम आहे, पण मला मूळ भूमिकाच पटत नाही. रात्री टॉवरवर गर्दी होते हे आकडे न पाहताही ठाऊक असते. ग्राहकाने पैसे मोजावेत, वर अभियंत्याचे कामही करावे आणि शेवटी ‘गर्दी आहे’ हाच निष्कर्ष काढावा, यात त्याच्या हाती काय लागले? फायबरसाठी लेआउटमधल्या सर्वांनी मिळून अर्ज करणे हाच खरा उपाय आहे.

तारायंत्र · १३ मे, सकाळी ९.०५

@मिहानकर, फायबर येईल तेव्हा येईल. बैठक आज रात्री आहे. शिवाय निष्कर्ष नेहमी ‘गर्दी’ हाच निघत नाही. रात्री नेट मंदावण्याची निदान चार वेगळी कारणे मला माहीत आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. वाय-फायच्या वाहिनीवर शेजाऱ्यांची दाटी असेल, तर टॉवरविषयी तक्रार करून काहीही साध्य होणार नाही.

खसताटी · १३ मे, सकाळी १०.४०

पाचवे कारण मी सांगतो, आणि ते खास नागपूरचे आहे: कूलर.

आपल्याकडे राउटर खिडकीत ठेवतात, कारण सिग्नल तिथेच उत्तम मिळतो. एप्रिल उजाडला की त्याच खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो आणि राउटर टीव्हीच्या मागे जातो. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, ओल्या ताट्यांमधले पाणी उरलेल्या शोषून घेते, आणि मग ‘उन्हाळा लागला की नेट मंद होते’ अशी तक्रार घरोघरी सुरू होते. आमच्या प्रतापनगरच्या घरी कूलर बसवण्यापूर्वी आरएसआरपी उणे ९४ होता, नंतर त्याच खोलीत उणे १०६ झाला. तीच गोष्ट पश्चिमेच्या काचांवर उन्हासाठी चिकटवलेल्या चंदेरी फिल्मची. तिच्यात धातूचा थर असतो आणि तो उन्हाबरोबर सिग्नलही बाहेरच ठेवतो.

दुसरी बाब उष्णतेची. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात कार्यकारी तापमान ० ते ४० अंश दिलेले असते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची आपली खोली दुपारीच ती मर्यादा ओलांडते, आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. तापलेला मोडेम स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो किंवा पुन्हा सुरू होतो. ताई, ‘स्टेटस’ पानावर ‘अपटाइम’, म्हणजे राउटर किती वेळ अखंड चालू आहे, असा मजकूर असेल तो पाहावा. राउटर कोणी बंद केलेला नसताना तो आकडा वारंवार शून्यावर येत असेल, तर दोष टॉवरमध्ये नाही, घरातच आहे.

शंकासुर · १३ मे, सकाळी ११.०२

म्हणजे राउटर कूलरसमोर ठेवावा काय?

खसताटी · १३ मे, सकाळी ११.१०

दमट हवेचा झोत थेट त्याच्या अंगावर सोडल्यास काही महिन्यांत आतली पट्टी गंजेल. दुसऱ्या खिडकीत, सावलीत, भिंतीपासून चार बोटे सुटा उभा ठेवावा. स्टॅबिलायझरच्या डोक्यावर तर मुळीच ठेवू नये.

संपादक · १३ मे, दुपारी १२.३०

एका सदस्याने आपल्या राउटरच्या संपूर्ण पानाचे छायाचित्र इथे चढवले होते; त्यात आयएमईआय, सिमचा आयसीसीआयडी आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट वाचता येत असल्यामुळे ते काढून टाकले आहे. आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक उपकरणाची ओळख असतो आणि ८९९१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक भारतीय सिमची. ते आणि वाय-फायचा पासवर्ड झाकूनच छायाचित्र द्यावे. सिग्नलचे आकडे, बँड आणि जोडणीची स्थिती एवढे चर्चेस पुरेसे आहे.

बेसावासी · १४ मे, सकाळी ६.१५

पहाटेचे आकडे: आरएसआरपी उणे ८५, आरएसआरक्यू उणे ९, एसआयएनआर १६, बँड तोच. अपटाइम अखंड आहे, म्हणजे राउटर आपोआप बंद पडत नाही. आमचा कूलर दुसऱ्या खोलीत आहे आणि काचांवर फिल्म नाही. आता ‘डायग्नोस्टिक्स’ दालनात काय करावे?

धरमपेठी · १४ मे, सकाळी ८.००

त्या दालनात सामान्यतः ‘पिंग’ (एखाद्या पत्त्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारे) आणि ‘ट्रेसराउट’ (तिथपर्यंतची वाट दाखवणारे) ही दोन साधने असतात. पिंगचा उपयोग पायऱ्यांनी करावा, म्हणजे दोष कोणत्या पायरीवर आहे ते कळते.

प्रथम लॅपटॉपवरून राउटरच्याच पत्त्याला पिंग करावे. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. इथेच पन्नास, शंभर, मध्येच गहाळ असे होत असेल, तर मोबाइल जाळ्याचा काही संबंध नाही. वाय-फाय दोषी आहे. लॅपटॉप तारेने जोडून पुन्हा पाहिल्यास खात्री पटते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच आहेत, आणि सदनिकांच्या इमारतीत त्या तिन्ही भरलेल्या असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाणे श्रेयस्कर.

त्यानंतर राउटरच्या दालनातून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावे. फोर-जीवर ३० ते ६० मिलिसेकंद हे समाधानकारक. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्यांच्या पत्त्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची आहे. राउटरच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यास ती बहुधा सुटते.

अखेरची चाचणी बहुतेक जण करत नाहीत. पिंग चालू ठेवून घरातल्या कोणाला तरी फोनवरून मोठी चित्रफीत वर चढवायला सांगावे. शांत असताना ४० असलेले उत्तर ४०० च्या पुढे गेले, तर आपलीच चढती वाहतूक राउटरमध्ये रांग लावून उभी आहे. रात्री फोनांचे फोटो आपोआप मेघसाठ्यावर चढत असतील, तर बैठक तुटण्यास तेवढे पुरते.

रात्रपाळी · १४ मे, सकाळी ९.३०

धरमपेठी यांनी सांगितलेली अखेरची चाचणी मी आजच केली आणि चिरंजीवांचा फोन रंगेहाथ सापडला. घरातील वातावरण सध्या तंग आहे.

काटोलचा_बागायतदार · १४ मे, दुपारी २.१०

थोडे अवांतर होईल, तरी विचारतो. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे आणि तिथल्या खोलीत राउटर लावून दोन कॅमेरे जोडले आहेत. बागेत सर्व ठीक दिसते, परंतु नागपूरहून राउटरच्या पत्त्यावर जाता येत नाही. स्थिती-पानावर इंटरनेटचा पत्ता १००.७० ने सुरू होतो. पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवण्याची) मांडणी दोनदा तपासली आहे.

तारायंत्र · १४ मे, दुपारी ३.००

मांडणी शंभरदा तपासली तरी चालणार नाही, कारण तो पत्ता सार्वजनिक नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) पत्ते अपुरे पडतात, म्हणून कंपनी असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते, आणि बाहेरून आलेल्या मागणीला आपल्या बागेतल्या राउटरपर्यंत वाटच नसते. पानावर १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ हाच. कॅमेरा उत्पादकाच्या ॲपमधून पाहावे. त्यात कॅमेरा स्वतः बाहेर जोडणी करतो, त्यामुळे अडत नाही.

खामलेकर · १४ मे, सायंकाळी ६.४५

माझा फाइव्ह-जी राउटर आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचा आरंभ झाला आणि त्याच आठवड्यात एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांची नावे जाहीर केली त्यांत नागपूर होते, हे आपण सर्वांनी अभिमानाने वाचले. त्यानंतर कित्येक महिने विमानतळाजवळच्या सोनेगावच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या घरी ते मिळत नव्हते आणि सदरला मात्र मिळत होते, याचा उलगडा मला कधीच झाला नाही.

तारायंत्र · १४ मे, रात्री ८.१५

तिथल्या घराघरातली कारणे वेगवेगळी असू शकतील, पण एक कारण नोंदलेले आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस कंपन्यांना पत्र पाठवून, विमानतळांच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या क्षेत्रात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचे फाइव्ह-जी केंद्र उभारू नये असे सांगितले होते. विमानाचा उंचीमापक ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतो, त्याला बाधा येऊ नये हा हेतू. स्थिती-पानावर हा पट्टा ‘एन ७८’ या नावाने दिसतो. ७०० मेगाहर्ट्झचा ‘एन २८’ त्या पत्राच्या कक्षेत नव्हता. म्हणून फाइव्ह-जी राउटर घेण्यापूर्वी पत्त्यावर कोणता बँड मिळतो ते पाहावे. एन २८ दूरवर आणि भिंतीतून पोहोचतो, पण अरुंद असल्यामुळे वेगात एन ७८ ची बरोबरी करू शकत नाही.

बेसावासी · १५ मे, रात्री १०.२०

धरमपेठी यांच्या पायऱ्या क्रमाने केल्या. राउटरला पिंग एक मिलिसेकंद, डीएनएस ठीक, परंतु ८.८.८.८ ला रात्री ९ वाजता १८० ते ३५० आणि मध्येच उत्तर गहाळ. घरातले सर्व फोन वाय-फायवरून काढूनही तेच. तारायंत्र काकांच्या पहिल्या प्रतिसादावरून मी असे समजते आहे की दोष बँड ४० च्या सेलवरच आहे. मग माझ्या हाती काही उरते का?

तारायंत्र · १५ मे, रात्री १०.५०

उरते. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. हा पट्टा रुंद असल्यामुळे राउटरला बऱ्याचदा तिथेच बसवले जाते आणि गर्दीही तिथेच होते. त्याच टॉवरवर बँड ३ म्हणजे १८०० किंवा बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ असण्याची शक्यता आहे. राउटरच्या प्रगत मांडणीत ‘बँड सिलेक्शन’ असल्यास आधी केवळ ३ निवडून पाहावा, मग केवळ ५. काड्या कमी होतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून एसआयएनआर आणि पिंग पाहावे.

सोबत ‘सेल आयडी’ टिपून ठेवावा. त्याला २५६ ने भागले की भागाकार हा केंद्राचा (टॉवरचा) क्रमांक आणि बाकी हा त्याच्या सेलचा. उदाहरणार्थ २,५६,००,००२ असेल, तर केंद्र १,००,००० आणि सेल २. बँड बदलल्यावर भागाकार तोच राहिला, तर टॉवर तोच आहे; बदलला, तर आपण दुसऱ्याच टॉवरवर गेलो आहोत.

मिहानकर · १५ मे, रात्री ११.१५

एवढे करण्यापेक्षा बाजारात सिग्नलचा बूस्टर मिळतो, तो छतावर लावावा.

धरमपेठी · १५ मे, रात्री ११.२२

परवान्याविना असा बूस्टर बसवणे गुन्हा आहे, आणि त्यामुळे आसपासच्या सर्वांचाच सेल बिघडतो. शिवाय ताईंकडे शक्तीची कमतरता नाहीच, अडथळा आहे. बूस्टर दोन्ही मोठे करील. राउटरला बाहेरचा दिशादर्शक अँटेना जोडणे ही वेगळी बाब आहे आणि तिला आक्षेप नाही. मात्र तार आखूड हवी. स्वस्त आरजी ५८ तारेत २३०० मेगाहर्ट्झला दर मीटरला सुमारे १ डेसिबल गळते, म्हणजे छतावरून दहा मीटर खाली आणेपर्यंत अँटेनाने कमावलेले सगळे तारेत जाते.

काटोलचा_बागायतदार · १६ मे, सकाळी ७.४०

कॅमेरे ॲपमधून दिसू लागले, आभार. अँटेनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या पानावर ‘टायमिंग अ‍ॅडव्हान्स’ असा एक आकडा आहे आणि तो ५५ दिसतो.

तारायंत्र · १६ मे, सकाळी ९.१०

तो आकडा टॉवरपर्यंतचे अंतर सांगतो. फोर-जीत त्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरची असते, म्हणजे टॉवर आपल्यापासून सव्वाचार किलोमीटरच्या आसपास आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातले टॉवर नकाशावर दिसतात. तेवढ्या अंतरावर कोणता आहे ते पाहून अँटेना त्याच दिशेला करावा.

बेसावासी · १७ मे, रात्री ९.३५

बँड ५ वर वेग फारच कमी मिळाला, तो सोडून दिला. बँड ३ वर आरएसआरपी उणे ९६ झाला, पण एसआयएनआर १२ आणि पिंग ५० ते ७०. काड्या पाचाच्या तीन झाल्या आहेत आणि आजची बैठक एकदाही तुटली नाही. सेल आयडीचा भागाकार तोच आहे, म्हणजे टॉवर बदललेला नाही.

मिहानकर · १७ मे, रात्री ९.५०

अभिनंदन. लेआउटचा फायबरचा अर्ज मात्र विसरू नये.

धरमपेठी · १७ मे, रात्री १०.०५

बँड असा बांधून ठेवल्यावर एक लक्षात असू द्यावे. त्या टॉवरचा बँड ३ कधी दुरुस्तीसाठी बंद झाला, तर राउटर दुसरीकडे जाणार नाही आणि ‘नो सर्व्हिस’ दाखवील. तसे झाल्यास सिमवर संशय घेण्यापूर्वी मांडणी पुन्हा ‘ऑटो’वर आणावी. तक्रार तरीही नोंदवाच. वेळ, बँड, सेल आयडी आणि तिन्ही आकडे लिहून द्यावेत व तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक मागून घ्यावा. उत्तर समाधानकारक नसल्यास त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. क्रमांक नसेल तर अपीलही नाही.

शंकासुर · १७ मे, रात्री १०.४०

राउटर रोज पहाटे आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय माझ्या पानावर आहे. ती चालू ठेवावी का?

तारायंत्र · १७ मे, रात्री ११.००

दोष सापडेपर्यंत बंद ठेवावी. बऱ्याच राउटरांत नोंदवही स्मृतीतच असते, आणि पुन्हा सुरू होताना जोडणी केव्हा तुटली, सिम केव्हा नाकारले गेले, हे सारे पुसले जाते. ‘सिस्टम लॉग’ संगणकावर उतरवून घेतल्यानंतर हवी तर चालू करावी.